चार ओळींची जागा

संपादक ओतिआ म्हणाला, कागद संपत आलाय.
हवामानाला दोन ओळी,
मयतांना लागतील तेवढ्या,
सिनेमाला चार.
कुताइसीतल्या त्या हिवाळ्यात
मी असा आखूड झालो.

त्याआधी पानभर लिहायचो,
सावल्यांचं तत्त्वज्ञान, कॅमेऱ्याचा मौनराग वगैरे.
वाचक तिघे: मी, माझी बायको,
आणि प्रुफं तपासणारा बोंदो,
त्याला निदान त्याचे पैसे मिळत.

राजघराण्याचा भव्य सिनेमा आला, तीन तासांचा.
मी लिहिलं, ‘घोडे उत्तम.’
दिग्दर्शक राजधानीतून फोनवर ओरडत राहिला
लाइन कटेपर्यंत.
पुन्हा लागली तेव्हा म्हटलं,
अजून तीन ओळी शिल्लक आहेत माझ्याकडे,
वापरू का?

समुद्रकाठची प्रेमकथा:
‘दोघांचं प्रेम आहे, असं व्हायोलिन सांगतं.
त्या दोघांना कुणी कळवलेलं नाही.’

भुताचा सिनेमा:
‘भुतापेक्षा हॉल गार. कोट काढू नये.’

परदेशी विनोदी सिनेमा,
नायिका, तिची आई, पोलीस आणि कुत्रा,
सगळ्यांना एकाच पडसं झालेल्या माणसाचा आवाज:
‘कुत्र्याला शोभला.’

एका थोर माणसाचं चरित्र:
‘जन्मतो तेव्हाच पुतळा. पुढे फक्त कबुतरं यायची बाकी.’

आणि युद्धाचा सिनेमा आला तेव्हा
मी पाहून आलो, टेबलाशी बसलो,
माझ्या चार ओळी
शेजारच्या रकान्यात मयतांना देऊन टाकल्या.
ओतिआने काही विचारलं नाही.
त्याचा भाचा त्याच रकान्यात होता.

मग तो डोंगरातल्या पोस्टमनचा सिनेमा.
साधाच. तासभर माणूस नुसता चालतो,
बर्फ, खिंड, पाठीवर दुसऱ्याची ट्रंक.
मी मनात शेरा जुळवत होतो,
‘बूट टिकाऊ’ असं काहीतरी.
तो एका दाराशी पोचतो, हात उचलतो,
ठोठावतो

आणि वीज गेली.

तिकिटवाली त्सिआला मेणबत्ती घेऊन आली.
म्हणाली, पैसे परत मिळणार नाहीत,
पैसेच नाहीयेत.
कुणी उठलं नाही. बाहेरही हाच अंधार,
वर रिओनीवरून येणारा वारा.
बराच वेळ नुसते खोकले.
मग तिसऱ्या रांगेतून कुणीतरी म्हणालं,
दार त्याची बहीण उघडते.
छे, मागून एकजण, घर रिकामं असतं.
ट्रंक तो तिथेच ठेवतो आणि परत फिरतो.
एका पोराने ट्रंकेत अस्वल घातलं.
भांडणं झाली, चांगली गरमागरम,
त्या महिन्यात शहरात तेवढीच ऊब.

शेवटी खांबाजवळून एक बाई,
घोगरा आवाज, चेहरा दिसला नाही:
ती दार उघडते, त्याला बघते,
आणि म्हणते, पाय पुसून ये.

एवढंच.
हॉलभर हसू पसरलं आणि मध्येच थांबलं.
माझ्या बाजूचा माणूस
टोपी तोंडावर धरून बसला होता.

मी लिहिलं,
‘शेवट प्रेक्षकांनी केला आहे. चुकवू नका.
शक्यतो वीज नसताना पाहा.’
चौथी ओळ मी कोरी सोडली,
बोंदोने तिथे साबणाची जाहिरात लावली.

परवा नात, तेक्ले, फोन घेऊन आली.
आजोबा, तुमचा पोस्टमन सापडला.
तळहाताएवढ्या उजेडात
मी तीस वर्षं थांबलेलं ते दार पाहिलं.
उघडलं. तरुणी. मिठी.
नव्वद व्हायोलिनं,
आणि टोपल्यांनी ओतलेला बर्फ.
त्याचे पाय चिखलाने भरलेले,
गालिच्यावर तसेच.

किती तारे देऊ, तेक्लेने विचारलं,
इथे द्यावे लागतात.
मी म्हटलं, लिही,
दार उत्तम.

मग तिला पुन्हा मागे न्यायला लावलं,
हात उचलेपर्यंत,
आणि म्हटलं, आता बंद कर.